आजीची ओवी, नातवाची गिटार आणि एक जुनी इंग्रजी रेकॉर्ड

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात ओवी आणि गिटार यांचं भांडण झालं. कुणी कुणाला वाईट बोललं नाही, आवाजही चढला नाही. पण आजी उठून देवघरात गेली, नातवाने गिटार कव्हरमध्ये घातली आणि दोन दिवस घर गप्प होतं. तुमच्याही घरात म्हातारं माणूस आणि वयात आलेलं मूल एकत्र असेल, तर अशी शांतता तुमच्या ओळखीची असेल.

आम्ही भिलाईचे. म्हणजे मूळचे वर्धा जिल्ह्यातले, पण माझे सासरे पोलाद कारखान्यात नोकरीला लागले आणि 1964 मध्ये लग्न होऊन सासूबाई इथे आल्या, त्या इथल्याच झाल्या. भिलाई हे गाव असंच आहे. 1955 मध्ये सोव्हिएत युनियनशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि भाताच्या शेतांमध्ये एक शहर उभं राहिलं. केरळचे, बंगालचे, आंध्रचे, पंजाबचे, बिहारचे आणि आमच्यासारखे विदर्भातले लोक एकेका सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून राहू लागले. एका घरातून मोहरीच्या तेलाचा वास यायचा, दुसऱ्यातून सांबाराचा. या सगळ्यांत ज्यांची ही जमीन, ते छत्तीसगढी लोकही आमचे शेजारी होते.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांना ओव्या येतात. किती येतात ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांच्या आईच्या, आजीच्या आणि काही त्यांच्या स्वतःच्या. क्वार्टरमध्ये जातं नव्हतं, गिरणीतून पीठ यायचं. पण तांदूळ निवडताना, वाती वळताना, नातवाला मांडीवर झोपवताना त्या गुणगुणायच्या. दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले आणि ते गुणगुणणं थांबलं. कुणी म्हणू नका असं सांगितलं नव्हतं. मीच एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आता कोणासाठी म्हणू?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

मुलगा नागपूरला शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या डोक्यात होतं की आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आणि त्यांना गिटारची साथ द्यायची. हेतू चांगलाच होता. आजीही नातवासाठी तयार झाल्या. पुढच्या खोलीत पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, मोबाइल उशीवर ठेवला. मुलाने मोबाइलवरच ठेका लावला, टक टक टक टक. "आजी, या टकटकीवर म्हण," म्हणाला.

ओवी कधी टकटकीवर म्हटली गेली आहे का? ती जात्याच्या खुंट्यावर चालते. हात जड झाला की ओळ लांबते, दाणे ओंजळीने घालताना थांबते, दम घेऊन पुन्हा सुरू होते. आईंनी एक ओळ म्हटली, टकटक पुढे गेली. मुलगा म्हणाला, "आजी, लवकर सुरू कर ना." दुसऱ्या वेळी त्या आधीच सुरू झाल्या. तिसऱ्या वेळी थांबल्याच. "मले नाही जमत बाबू आता. तुह्या मशीनले म्हणू दे," म्हणाल्या आणि उठल्या.

मला राग मुलाचा आला नाही, आईंचाही नाही. वाईट याचं वाटलं की दोन वर्षांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं.

दोन दिवसांनी मुलगाच माझ्याकडे आला. "आई, हे ऐक," म्हणाला आणि कानात इअरफोन घातले. जुनी इंग्रजी रेकॉर्ड होती. एक बाई गात होती आणि मागे एकच गिटार वाजत होती. मला इंग्रजी गाणी फारशी कळत नाहीत, शब्द तर अर्धेही कळले नाहीत. पण एक गोष्ट लगेच जाणवली. बाई आपल्या चालीने सरळ चालली होती आणि गिटार तिच्या भोवती फिरत होती. कधी मागे राहायची, कधी बाजूने यायची, पण तिला कुठेही ढकलत नव्हती.

या रेकॉर्डचं नाव 'फोक रूट्स, न्यू रूट्स'. लोकगीतांची मुळं आणि नव्या वाटा, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत मूळ आणि वाट या दोन्ही शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखाच होतो, त्यावर केलेला हा खेळ. 1964 मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली, डेक्का कंपनीने काढली. गाणारी शर्ली कॉलिन्स आणि गिटार वाजवणारा डेव्ही ग्रॅहम. मुखपृष्ठावर दोघांची नावं बरोबरीने. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मुलाने मग मला या दोघांबद्दल जे सांगितलं, ते ऐकून मी गॅस बंद करून बसलेच.

शर्ली दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्स भागातली, 1935 चा जन्म. आजी-आजोबांकडून ऐकलेली गाणी तिच्या कानांत होती. विशीत असताना, 1959 मध्ये, ती अॅलन लोमॅक्स या लोकगीतांच्या संग्राहकाबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरली. जड टेपरेकॉर्डर घेऊन खेड्यापाड्यांत, तुरुंगांत, चर्चमध्ये जायचं आणि साध्या माणसांची गाणी टिपायची, असं ते काम होतं. मिसिसिपीमधला फ्रेड मॅकडॉवेल नावाचा शेतकरी दिवसभर शेतात राबून संध्याकाळी गिटार वाजवायचा. त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण याच फेरीत झालं आणि पुढे त्याचं नाव जगभर झालं.

डेव्ही अगदी वेगळा. वडील स्कॉटलंडचे, आई दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची. त्याला जॅझ आवडायचं, ब्लूज आवडायचं, अरबी संगीत आवडायचं, आपले रागही त्याने कान देऊन ऐकले होते. मोरोक्कोत तिथल्या वादकांबरोबर वाजवता यावं म्हणून त्याने गिटारच्या तारा वेगळ्याच लावायला सुरुवात केली. मुलाने मला त्या तारा एकेक छेडून दाखवल्या. खालच्या 'रे'ला सा मानलं तर सहा तारा अशा लागतात: सा, प, सा, म, प, सा. आता तुम्हीच सांगा, हे ऐकून तुम्हाला कशाची आठवण होते? मला तर तंबोऱ्याची झाली. सगळ्या तारा एकदम छेडल्या तरी घर सुराने भरून जातं आणि वर गाणाऱ्याला हवं तिथे फिरायला जागा मिळते. आज जगभरचे गिटारवादक ही जुळणी वापरतात.

अशी ही दोन टोकं. त्या काळात तिकडच्या लोकगीतांच्या मंडळींत एक मोठा वर्ग असा होता की जुनं गाणं एकट्याने, बिनसाथीचं म्हणावं. गिटार आणली की गाणं बिघडलं. शर्लीचा तेव्हाचा नवरा ऑस्टिन जॉन मार्शल याच्या मनात आलं की या दोघांना एकत्र आणावं. त्यातून 16 गाण्यांची ही रेकॉर्ड झाली. काही गाणी इंग्लंडमधली, काही अमेरिकेत जाऊन रुजलेली, मध्येच डेव्हीचं एकट्याचं वादन, त्यात जॅझची एक धूनही. काही गाण्यांत शर्ली स्वतः बँजो वाजवते. ढोल नाही, बाकीचा वाद्यवृंद नाही.

पुढे काय झालं ते संगीताच्या इतिहासात आहे. ही रेकॉर्ड येण्याआधी ब्रिटनमध्ये लोकगीत आणि आधुनिक वादन असं कुणी एकत्र केलंच नव्हतं असं नाही. पण या दोघांनी दाखवलं की दोन्ही बाजूंनी आपापलं सोडलं नाही तरी जमतं. पाच वर्षांत, 1969 मध्ये, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या मंडळींनी विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन जुनी लोकगीतं वाजवली आणि ब्रिटिश फोक-रॉक म्हणून जे ओळखलं जातं त्याची वाट मोठी झाली. त्यांच्या त्या गाजलेल्या 'लीज अँड लीफ' रेकॉर्डमधलं 'रेनार्डीन' हे गाणं शर्ली आणि डेव्हीने आधीच गायलं-वाजवलं होतं.

"आई, मी चुकलो," मुलगा म्हणाला. "मी आजीला माझ्यामागे यायला सांगत होतो."

त्याच दुपारी आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुलाने काही न बोलता मोबाइल त्यांच्याजवळ ठेवला आणि तेच गाणं लावलं. आईंना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. त्या सूप हातात धरून ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "ही बाई रडत नाही. सांगते."

मी चमकले. कारण शर्ली कॉलिन्सच्या गाण्याबद्दल जाणकार हेच सांगतात. ती गाण्याला स्वतःचं दुःख लावत नाही, आवाज कापरा करत नाही, ताना घेत नाही. गाणं तिच्याआधीपासूनचं आहे, ते फक्त पुढे द्यायचं आहे, असं गाते. आणि ओवीही तशीच नाही का? जात्यावर बसलेली बाई कुणाला ऐकवायला गात नव्हती. दळण पहाटे संपवायचं होतं. दुःख असायचं, पण ते पिठासारखं हाताखालून जायचं.

आईंनी विचारलं, "किती वर्षांची हाय ही?" मुलाने सांगितलं, तेव्हा तिशीची होती, पण पुढे तिचा आवाज गेला. संसार मोडला, मनाला धक्का बसला आणि गायला उभी राहिली की गळ्यातून सूरच निघेना. तिने गाणं सोडलं, मिळेल ती नोकरी केली. आणि 2016 मध्ये, आधीच्या रेकॉर्डनंतर 38 वर्षांनी, 81 व्या वर्षी तिची नवी रेकॉर्ड आली. स्टुडिओत अनोळखी लोकांसमोर गायचा धीर नव्हता, म्हणून तिच्या घरीच येऊन ती मुद्रित केली. आवाज खाली उतरलेला, खरखरीत. तिने तो लपवला नाही.

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरीच ना?"

"घरीच," मुलगा म्हणाला.

इथे मला थोडं मागे जायला हवं. कारण त्या दिवशी आईंनी जी ओवी म्हटली, तिच्यात दुसरी एक बाई होती.

माझं लग्न 1994 मध्ये झालं, तेव्हा आमच्या क्वार्टरच्या भिंतीला लागून एक छत्तीसगढी कुटुंब राहायचं. पाटणकडच्या गावचं. त्या काकू आणि आमच्या आई यांची मैत्री 30 वर्षांची. छत्तीसगढमध्ये मैत्रीची एक सुंदर रीत आहे. श्रावणात टोपलीत गहू पेरून भोजली उगवतात, नवरात्रातल्या घटासारखी. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्यात सोडतात. त्या दिवशी दोन मैत्रिणी भोजलीची कोवळी पाती एकमेकींच्या कानावर खोचतात आणि जन्माच्या मैत्रिणी होतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'भोजली' म्हणूनच. आणि भेटल्यावर नमस्कार, 'सीताराम भोजली'. नातं सख्ख्यापेक्षा कमी मानत नाहीत. एकीच्या घरचं लग्न दुसरीच्या घरचंही असतं.

आमच्या वर्ध्याच्या आई अशा एका छत्तीसगढी बाईच्या भोजली झाल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा दुपारी अंगणात दोघी बसलेल्या असायच्या. आई तांदूळ निवडताना ओवी म्हणायच्या, काकू सुआगीत. सुआ म्हणजे पोपट. दिवाळीच्या सुमारास छत्तीसगढी बायका धानाने भरलेल्या टोपलीत मातीचा पोपट ठेवतात आणि भोवती गोल फिरत, टाळ्या वाजवत गातात. वाद्य नसतं, टाळीच ठेका. पोपटाला निरोप सांगायचा, माझ्या मनातलं तिकडे पोचव म्हणून. ओवीत बाई भावाला सांगते, विठ्ठलाला सांगते. इथे पोपटाला सांगते. सांगण्याची गोष्ट तीच.

दोघींच्या चाली जुळायच्या नाहीत. ओवी लांबायची, टाळी थांबायची नाही. पण कुणी कुणाला दुरुस्त केलेलं मी कधी पाहिलं नाही. एकीचं संपत आलं की दुसरी सुरू करायची. कधी दोन्ही एकदमच चालायचं. नवी सून होते तेव्हा मला तो गोंधळ वाटायचा. आता वाटतं, आमच्या घरची पहिली जोडरेकॉर्ड तीच होती. फक्त ती कुणी रेकॉर्ड केली नाही.

असं जुळवणं या मातीत नवं नव्हतं. भिलाईला लागूनच दुर्ग, आणि दुर्गजवळच बघेरा गाव. तिथे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी 1971 च्या नोव्हेंबरमध्ये 'चंदैनी गोंदा'चा पहिला प्रयोग केला. चंदैनी गोंदा म्हणजे लहान झेंडूचं फूल. त्यांनी गावोगावचे गायक, वादक, नट शोधून एकत्र आणले. लक्ष्मण मस्तुरिया यांनी गीतं लिहिली, खुमानलाल साव यांनी संगीत दिलं. हे साव पेटीवादक, नाचाच्या फडात वाजवलेले आणि शाळेत शिक्षक. खेड्यातल्या चाली त्यांनी वाद्यवृंदावर आणल्या, पण चालीचा गावरानपणा जाऊ दिला नाही. शेतकऱ्याच्या आयुष्याची ही कथा पाहायला रात्र रात्र लोक मैदानात बसायचे. त्यातली गाणी पुढे आकाशवाणी रायपूरवरून घराघरांत पोचली. 'मोर संग चलव रे' हे मस्तुरियांचं गाणं आजही छत्तीसगढमध्ये कुणालाही विचारा. साव यांना पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आई आणि त्यांच्या भोजलीने मुलांना काखेत मारून, चटई आणि पाण्याचा तांब्या घेऊन, चंदैनी गोंदाचा प्रयोग दुर्गला जाऊन पाहिला होता. आई अजून सांगतात, "पहाटेपर्यंत बसलो. तिले समजत होतं ते ती मले सांगे. नाही समजलं तिथं दोघी रडलो."

1999 मध्ये काकूंचे यजमान निवृत्त झाले आणि ते कुटुंब गावी गेलं. सुरुवातीला येणंजाणं होतं. मग गुडघे, मग लग्नं, मग मामंजींचं आजारपण. अंतर फार नव्हतं, पण राहून गेलं. तुमच्या बाबतीतही असं एखादं माणूस असेलच, तासाभराच्या अंतरावर राहणारं आणि दहा वर्षांत न भेटलेलं.

तर त्या दुपारी मुलाने टकटक लावली नाही. गिटारच्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा लावल्या आणि आजीच्या पट्टीशी जुळवल्या. "आजी, तू म्हण. मी येतो मागून," एवढंच म्हणाला. पंखा बंद करायचं विसरलो. मध्येच माझ्या कुकरची शिट्टी झाली. ती आजही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

आईंनी तीन ओव्या म्हटल्या. आवाज बसका झालाय, वरचा सूर लागत नाही, दम अर्ध्या ओळीत संपतो. दम संपला की मुलगा तारा हलकेच छेडत ठेवायचा, आजीला घाई नको म्हणून. पहिली ओवी त्यांच्या आईची, माहेरची. दुसरी मामंजींची, ती मी कधीच ऐकली नव्हती. त्या कधी जुळवली असेल, दोन वर्षांत मनात म्हणत होत्या का, मी विचारलं नाही. तिसरीत शेजी होती. ओव्यांमध्ये शेजारणीला शेजी म्हणतात. या ओवीत शेजी सुआला निरोप देते. मराठी ओवीत छत्तीसगढी सुआ येऊन बसला होता.

ती ऐकून मला वाटलं, अशा किती ओव्या किती घरांत असतील. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांचं मोठं वैशिष्ट्य असं की कोणती ओवी कोणत्या बाईची, कोणत्या गावची, याची त्यांनी नोंद ठेवली. एरवी लोकगीताखाली 'पारंपरिक' असा एक शब्द लिहिला की काम झालं. पण ज्या बाईने ते गाणं आयुष्यभर जपलं, स्वतःच्या दोन ओळी त्यात घातल्या, तिचं नाव कुठे?

तीच गोष्ट आमच्याकडे निघाली. मुलाने फाइलला नाव द्यायला घेतलं. 'आजीच्या ओव्या' असं लिहिलं. आईंनी विचारलं, त्या इंग्रजी बाईच्या रेकॉर्डवर काय लिहिलंय? दोघांची नावं आहेत, मुलगा म्हणाला. "मंग हे एकटीचं कसं? शेवटची ओवी आमची दोघींची हाय. तिचंही नाव लिही."

"काय नाव आहे त्यांचं?" मुलाने विचारलं.

आई गप्प. 50 वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. आताही काढेनात. मला नाव माहीत होतं, मी सांगू लागले तर हाताने थांबवलं. "तिले इचारल्याशिवाय नाही," म्हणाल्या. नावही नाही आणि ओवी कुणाला ऐकवणंही नाही.

मला आधी हा हट्ट वाटला. मग कळलं, त्यांचंच बरोबर होतं. आपण हल्ली घरातल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ काढतो आणि त्यांना न विचारता दहा ठिकाणी पाठवतो. गाणं ज्याचं, त्याला विचारायला नको का?

राखीला मुलगा नागपूरहून आला. दुसऱ्या दिवशी, भोजली सोडण्याच्या दिवशी, आम्ही पाटणकडे निघालो. आधी फोन केला होता, काकू आहेत, ऐकायला कमी येतं, एवढं कळलं होतं. वाटेत एका तळ्याकडे बायका डोक्यावर हिरव्या टोपल्या घेऊन चालल्या होत्या. आईंनी गाडी थांबवायला लावली आणि एका मुलीकडून चार पाती मागून पदरात बांधून घेतली.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. आईंना काठी टेकत येताना पाहून आधी ओळखलं नाही. आई जवळ गेल्या, कानावर पाती खोचली आणि कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "सीताराम भोजली." मग पुढचा बराच वेळ दोघींनी फक्त हात धरले होते. मी आणि काकूंची सून, आम्ही चहाच्या निमित्ताने आत गेलो.

नंतर मुलाने काकूंच्या कानाला हेडफोन लावून ती ओवी ऐकवली. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा पुढची ओळ गातील. तसं काही झालं नाही. गाणं त्यांना आता आठवत नाही, असं त्यांच्या सुनेने सांगितलं होतंच. त्या ऐकत होत्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्या हातांची टाळी सुरू झाली. सुआची टाळी. ओवीला ती जुळत नव्हती. पूर्वीही जुळत नव्हती.

मुलाने काही न बोलता मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गिटार घेतली. आईंनी ओवी म्हटली, काकूंनी टाळी धरली, गिटार दोघींच्या मध्ये वाट काढत राहिली. चार मिनिटांचं ते रेकॉर्डिंग आहे. मागे कोंबडा आहे, कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज आहे.

नावाचा प्रश्नही तिथेच सुटला. एकमेकींचं नाव दोघीही घेणार नव्हत्या. मग काकूंच्या सुनेनेच सुचवलं, आपापलं नाव तर सांगता येतं ना! म्हणून रेकॉर्डिंगच्या शेवटी आधी आईंनी स्वतःचं नाव आणि गाव सांगितलं, मग काकूंनी स्वतःचं. ती नावं मी इथे लिहीत नाही, ती घरची आहेत. पण फाइलवर दोन्ही आहेत, बरोबरीने.

परत येताना आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. दुर्गच्या अलीकडे हळूच गुणगुणणं ऐकू आलं. आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं नाही.

तुमच्या घरात कुणी गाणारं असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. ओवी असो, अंगाई असो, हादग्याचं गाणं असो. मोबाइल चालेल, कुकरची शिट्टीही चालेल. फक्त टकटक लावू नका, त्यांना तुमच्यामागे यायला सांगू नका, आणि कुणाला पाठवायच्या आधी विचारा. शेवटी त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या.